साल्व्हादोरला आठवडाभर राहायचे आहे: केव्हा जावे, काय ऐकावे आणि माळकरी माणसाने काय खावे?

बाळीवेसकर (सोलापूर)

सर्वांना नमस्कार.

माझा मुलगा नोकरीनिमित्त ब्राझीलमध्ये साओ पावलो येथे राहतो आणि येत्या वर्षी मी व सौ. त्याच्याकडे जाणार आहोत. रिओ आणि इग्वासूचा धबधबा तो दाखवणारच आहे. माझा आग्रह मात्र बाहिया राज्याची राजधानी असलेल्या साल्व्हादोर शहरात आठवडाभर मुक्काम करण्याचा आहे. माझे आयुष्य यंत्रमागाच्या कारखान्यात गेले असले तरी हलगी लहानपणापासून हातात आहे, आणि संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीत वाजवण्याची सेवा वडिलांपासून आमच्याकडे चालत आली आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी आपले ताल, आपले देव आणि आपले रांधणे सांभाळून ज्या शहराला आकार दिला, त्या शहरात ते ताल मूळ जागी बसून ऐकावेत, ही माझी जुनी इच्छा आहे.

अडचणी पुढीलप्रमाणे आहेत. बोंफिमच्या चर्चच्या पायऱ्या धुण्याचा तेथील मोठा उत्सव जानेवारीच्या मध्यावर येतो असे वाचले. नेमकी तीच आमच्या गड्ड्याची वेळ असल्याने संक्रांतीला सोलापूर सोडणे मला शक्य नाही. तर मग जावे केव्हा, आणि कार्निव्हलची गर्दी टाळून हे संगीत ऐकायला मिळते का? दुसरे असे की सौ. माळकरी आहे. मासे, मांस, अंडे काहीही चालत नाही आणि एकादशी कडक असते, तर बाहियाचे खाणे समुद्राच्या मासळीवर चालते असे ऐकतो. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तेथील पुष्कळसे वादन पूजेचा भाग आहे. परक्या माणसाने तेथे जाऊन बसणे योग्य ठरते का, आणि ठरत असल्यास कोणत्या मर्यादा पाळाव्यात? पर्यटकांसाठी सजवलेला कार्यक्रम आणि तेथील लोक स्वतःसाठी करतात ते वादन यांतील फरक कसा ओळखावा, हेही कोणी सांगितल्यास उपकार होतील.

भीमाकाठ (मूळ पंढरपूर)

अण्णा, नमस्कार. साल्व्हादोरच्या जवळ कामासारी येथे रसायनांच्या कारखान्यांची मोठी वसाहत आहे. तेथे नोकरीला असताना काही वर्षे माझे बिऱ्हाड साल्व्हादोरमध्येच होते, त्यामुळे सविस्तर लिहितो.

प्रथम तारखांचे पाहू. बोंफिमचा गुरुवार गड्ड्याच्या आगेमागेच येतो, त्यामुळे तो या वेळी सोडून द्यावा लागेल. परंतु त्याने काही बिघडत नाही. आपण गड्डा आटोपून जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात साल्व्हादोरला पोहोचा आणि २ फेब्रुवारीपर्यंत थांबा. त्या दिवशी रिओ व्हर्मेल्यो या भागात समुद्रदेवता येमांजाचा उत्सव असतो. पहाटेपासून लोक फुले, अत्तराच्या बाटल्या, आरसे, कंगवे आणि देवीला लिहिलेली पत्रे घेऊन रांगेत उभे राहतात, हे सारे मोठमोठ्या टोपल्यांत भरले जाते आणि दुपारनंतर कोळी बांधव होड्यांतून त्या टोपल्या खोल समुद्रात नेऊन अर्पण करतात. हा उत्सव कोळ्यांनीच सुरू केला आणि त्याला तिकीट नाही. पहाटे पाच वाजता गेलात तर ढोल, गाणे आणि समुद्र हे तिन्ही जवळून मिळते. दुपारनंतर मात्र पाय ठेवायला जागा उरत नाही. शिवाय हा काळ कार्निव्हलच्या आधीचा असल्याने शहरातील सर्व मोठ्या पथकांच्या जाहीर तालमी जोरात चालू असतात. माझ्या मते वादन ऐकण्यासाठी प्रत्यक्ष कार्निव्हलपेक्षा या तालमीच अधिक चांगल्या, कारण कार्निव्हलमध्ये ध्वनिवर्धकांनी भरलेल्या अजस्र ट्रकांपुढे कातड्याचा आवाज दबून जातो. ट्रकवरून वाजवण्याची ती प्रथादेखील याच शहराची आहे. १९५० साली दोदो आणि ओस्मार या दोन वादकांनी एका जुन्या मोटारीवर विजेची वाद्ये चढवून ती सुरू केली.

आता शहराविषयी. साल्व्हादोरची स्थापना पोर्तुगीजांनी १५४९ साली केली आणि १७६३ पर्यंत ते ब्राझीलच्या वसाहतीची राजधानी होते. एका उंच कड्यावर वरचे शहर आणि खाली बंदराला लागून खालचे शहर अशी त्याची रचना आहे. या दोहोंना जोडणारी लासेर्दा नावाची सार्वजनिक लिफ्ट १८७३ साली सुरू झाली, ती सुमारे ७२ मीटर उंच आहे आणि आजही लोक रोजच्या कामासाठी तिचा वापर करतात. वरच्या शहरातील पेलोरिन्यो हा जुना भाग १९८५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. रंगीत घरे आणि दगडी उतार पाहून माणूस हरखून जातो, पण हे नाव तेथील गुलामांना बांधून फटके मारण्याच्या खांबावरून पडले आहे, हे तेथे चालताना मनात असू द्यावे. अटलांटिक ओलांडून सुमारे ४८ लाख आफ्रिकी माणसे ब्राझीलमध्ये उतरवली गेली, त्यांतला फार मोठा वाटा बाहियाच्या ऊस आणि तंबाखूच्या मळ्यांकडे आला, आणि गुलामगिरी कायद्याने संपायला १३ मे १८८८ उजाडला. आपण ज्या तालांसाठी चालला आहात, ते या माणसांनी मार खाऊन आणि बंदी सोसून टिकवलेले आहेत.

आठवड्याचे दोन वार लक्षात ठेवा. मंगळवारी सायंकाळी पेलोरिन्योच्या उतारावरील निळ्या रंगाच्या रोझारिओ दोस प्रेतोस या चर्चमध्ये प्रार्थना असते. कृष्णवर्णीयांच्या बंधुसंघाने हे चर्च अठराव्या शतकात, मालकांच्या कामातून उरलेल्या वेळात राबून, कित्येक दशके खपून उभे केले. तेथील कॅथलिक प्रार्थनेत आफ्रिकी ढोल वाजतात, आणि भाकरीच्या टोपल्या डोक्यावर घेतलेल्या स्त्रिया तालावर पावले टाकीत वेदीकडे येतात. मागच्या बाकावर शांत बसून ऐकायला कोणाची आडकाठी नसते. त्याच रात्री पेलोरिन्योत जागोजागी वादन चालू असते. दुसरा वार शुक्रवार. तो ओशाला या देवाचा वार असल्याने शहरातील असंख्य लोक, कचेरीत जाणारेसुद्धा, पांढरे कपडे घालतात. आपण दोघांनीही त्या दिवशी पांढरे नेसून बोंफिमच्या चर्चला जावे. तेथील जाळीच्या दारांना हजारो रंगीत फिती बांधलेल्या असतात. फितीला तीन गाठी मारायच्या आणि प्रत्येक गाठीला एक मागणे मागायचे, असा रिवाज आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९४९ साली, गांधीजींच्या हत्येला वर्ष होत असताना, साल्व्हादोरच्या बंदरातील गोदी कामगारांनी 'फिल्योस दे गांधी', म्हणजे गांधींचे पुत्र, या नावाचे कार्निव्हलचे पथक काढले. शुभ्र अंगरखा, डोक्याला पांढरा फेटा आणि गळ्यात निळ्या-पांढऱ्या मण्यांच्या माळा घातलेले हजारो पुरुष कार्निव्हलच्या रस्त्यावरून शांतपणे, इजेशा नावाच्या संथ तालावर चालतात आणि लोकांवर अत्तराचे पाणी शिंपडतात. त्यांचे कार्यालय पेलोरिन्योतच आहे. गांधीजींच्या अटकेनंतर १९३० च्या मे महिन्यात पेटून उठलेल्या आणि मार्शल लॉ सोसलेल्या सोलापूरचा माणूस त्या दारात उभा राहिला, तर तेथील वृद्ध मंडळींना मनापासून आनंद होईल. मी भारताचा आहे एवढे कळल्यावर मला आत बोलावून बसवले होते.

अक्कलकोट रोड (सोलापूर)

अण्णा, वहिनींच्या जेवणाविषयी मी लिहिते, कारण मीही पूर्ण शाकाहारी आहे आणि यजमानांसोबत साल्व्हादोरला राहून आले आहे. उपाशी राहावे लागत नाही, मात्र प्रत्येक पदार्थात काय आहे हे जाणून घ्यावे लागते.

रस्त्यावरचा सर्वांत मोठा पदार्थ अकाराजे. चवळी भरडून भिजवतात, साले पाण्यावर तरंगू लागली की ओतून काढतात, मग डाळ कांदा-मीठ घालून वाटतात. विकणाऱ्या स्त्रीला बायाना म्हणतात. पांढरा घेरदार घागरा, लेसचा झगा, डोक्याला बांधलेले वस्त्र आणि गळ्यात मण्यांच्या माळा, असा तिचा वेश असतो. ती मोठ्या लाकडी चमच्याने ते पीठ इतका वेळ फेटते की ते फुगून हलके होते. मग चमच्यानेच गोल आकार देऊन देन्दे नावाच्या लालभडक पाम तेलात सोडते. तेल जळू नये म्हणून कढईत एक अख्खा कांदा तरंगत ठेवलेला असतो. इथपर्यंत पदार्थ आपल्या डाळवड्याचा भाऊ म्हणावा असा आहे आणि त्यात सहसा काही वावगे नसते. पुढे मात्र सांभाळावे. वडा मधोमध चिरून त्यात व्हातापा आणि कारुरू भरतात. व्हातापा म्हणजे पाव, काजू, शेंगदाणे आणि नारळाचे दूध यांचे घट्ट सारण, आणि कारुरू म्हणजे भेंडीची भाजी; पण या दोन्हींत वाळवलेली कोळंबी वाटून घातलेली असते, त्यामुळे वरची कोळंबी काढून टाकून भागत नाही. वहिनींसाठी फक्त वडा आणि आत टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर मागावी. तरीही अनेक बायाना कोळंबीही त्याच चमच्याने वाढतात, हे माळकरी माणसाला आधी सांगायला हवे. ज्यांना तेवढाही संपर्क चालत नाही त्यांनी अकाराजे डोळ्यांनीच पाहावे. आबारा हा त्याच पिठाचा, केळीच्या पानात उकडलेला प्रकार दिसायला सात्त्विक वाटतो, पण त्याच्या पिठातच बहुधा कोळंबी असते, म्हणून तो घेऊ नये.

या खाण्यामागची हकिकत वहिनींना अवश्य सांगा. गुलामगिरीच्या काळात कृष्णवर्णीय स्त्रिया डोक्यावर टोपली घेऊन रस्त्यावर पदार्थ विकत, मिळकतीतला ठरलेला भाग मालकाला देत, आणि उरलेली पै-पै साठवून कित्येकींनी स्वतःला व आपल्या लेकरांना विकत घेऊन सोडवले. अकाराजे हा इयान्सां या वादळाच्या देवतेचा नैवेद्य आहे, आणि अनेक बायाना आजही विक्रीकडे देवीची सेवा म्हणून पाहतात. ब्राझील सरकारने त्यांच्या या व्यवसायाला २००५ साली राष्ट्रीय अमूर्त वारशाचा दर्जा दिला. पुढे विश्वचषक फुटबॉलच्या वेळी स्टेडियममध्ये विक्रीस मज्जाव होतो आहे असे दिसताच याच बाया मोर्चे काढून लढल्या आणि त्यांनी परवानगी मिळवली.

रोजच्या जेवणासाठी वजनावर विकणारी भोजनालये शोधावीत. ब्राझीलमध्ये ती सर्वत्र आहेत. आपण ताट भरून घ्यायचे आणि वजन होईल तसे पैसे द्यायचे. भात, कोशिंबिरी, भोपळा, भेंडी, तळलेली केळी आणि कसाव्याचे कंद यांवर पोट भरते. राजमासारखी दिसणारी उसळ मात्र विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण तिच्यात अनेकदा मांसाचे तुकडे शिजवलेले असतात. पाँव दे केजो नावाच्या चीजच्या गोळ्या सगळीकडे मिळतात, पण त्यांत अंडे असते. मोकेका हे बाहियाचे प्रसिद्ध कालवण मासळीचे असले तरी काही ठिकाणी कच्च्या केळ्यांचे करून देतात. नारळाचे दूध, देन्दे, टोमॅटो आणि कोथिंबीर घालून ते मातीच्या भांड्यात उकळत टेबलावर येते आणि फार रुचकर लागते. मासळीच्या रश्श्यावर तर केलेले नाही ना, एवढे विचारून घ्यावे.

एकादशीची काळजी तर मुळीच नको. आपला साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून होतो, तो कंद मूळचा ब्राझीलचाच. तेथे त्याच्या ओलसर सत्त्वाची तव्यावर घावनासारखी पोळी करतात, तिला तापिओका म्हणतात, आणि आत ओले खोबरे घालून देतात. सोबत शहाळे घ्यावे. फळांच्या बाबतीत तर वहिनींना परके वाटणारच नाही. काजू आणि मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून ब्राझीलकडून आपल्याकडे आली आणि आंबा व फणस आपल्याकडून तिकडे गेले. बाहियाच्या बाजारात फणसाचे ढीग पाहून मला गलबलून आले होते. बाजारात काजूच्या बोंडांचा ताजा रसही मिळतो.

देन्देचा वास उग्र असतो आणि सवय नसलेल्या पोटाला ते तेल जड जाते, म्हणून पहिल्या दिवशी थोडेच खावे. शेंगाचटणी आणि कडक भाकरी बरोबर असू द्यावी. वाळवलेली भाकरी आठवडाभर सहज टिकते.

तालमेळ (सोलापूर, सध्या पुणे)

मी तालवाद्यांचा विद्यार्थी आहे, त्यामुळे वादनापुरते लिहितो.

अण्णांनी सजवलेला कार्यक्रम आणि खरे वादन यांतील फरक विचारला आहे. मला हे दोन कप्पे इतके वेगळे करावेसे वाटत नाहीत. पेलोरिन्योतील मिगेल सांताना नाट्यगृहात बाले फोक्लोरिको दा बाहिया ही १९८८ साली स्थापन झालेली संस्था रंगमंचीय कार्यक्रम करते. तो तिकीट काढून पाहण्याचा असला तरी नर्तक अत्यंत तयारीचे आहेत, आणि पहिल्याच संध्याकाळी तो पाहिल्यास पुढे रस्त्यावर काय दिसते आहे ते समजू लागते. याउलट चौकात कापोएरा, म्हणजे गाण्या-तालावर खेळायचा आफ्रिकी वळणाचा लढाऊ खेळ, करून लगेच टोपी पुढे करणारे तरुण अनेकदा केवळ उड्या दाखवतात. खऱ्या कापोएराची खूण अशी, की तिथे वर्तुळ असते, वर्तुळातील प्रत्येक जण गातो, आणि खेळाची गती पाय ठरवत नाहीत, बेरिंबाऊ हे एकतारी वाद्य ठरवते. १८९० च्या दंडसंहितेने कापोएरा हा गुन्हा ठरवला होता. १९३० च्या दशकात मेस्त्रे (म्हणजे गुरू) बिंबा यांनी आखाड्यात शिस्तीने शिकवून त्याला मान्यता मिळवून दिली, तर मेस्त्रे पास्तीन्या यांनी १९४१ साली अंगोला परंपरेची शाळा काढून संथ, जुने वळण जपले. आपल्या कानाला पास्तीन्या यांचे वळण अधिक भावेल असे वाटते. सांतो आंतोनियो भागातील जुन्या किल्ल्यात कापोएराच्या शाळा आहेत. सायंकाळी तेथे जाऊन विचारावे.

बेरिंबाऊ जवळून पाहण्यासारखा आहे. लवचीक काठीला एकच तार ताणलेली असते आणि खालच्या टोकाशी पोकळ भोपळा बांधलेला असतो. डाव्या हातात काठी तोलून धरतात, त्याच हाताच्या चिमटीत गोटा किंवा नाणे धरून तारेला लावतात, आणि उजव्या हातातल्या बारीक काडीने तार छेडतात. त्याच हातात बियांचा छोटा खुळखुळा असतो. भोपळ्याचे तोंड पोटाला टेकवले की आवाज मिटतो, दूर नेले की उघडतो. गुजरातेतील सिद्दी लोकांचे मलुंगा हे वाद्यही एकतारी धनुष्य आणि भोपळा अशाच बांधणीचे आहे. मलिक अंबरच्या दख्खनमध्ये आणि जंजिऱ्यावर आफ्रिकेतून आलेली माणसे आपल्याकडेही वसली, ती बहुतांशी पूर्व आफ्रिकेची होती. बेरिंबाऊचे मूळ अंगोलाच्या बाजूला सांगतात. एकाच खंडातून निघालेले हे धनुष्य दोन समुद्र ओलांडून दोन टोकांना पोहोचले.

हलगीवाल्या माणसाला सर्वाधिक गोडी सांबा-रेगे या तालात वाटेल. ओलोदुम या १९७९ साली स्थापन झालेल्या पथकाचे गुरू नेगिन्यो दो सांबा यांनी तो घडवला. वेगवेगळ्या स्वरांना लावलेले मोठे सुर्दू ढोल एकमेकांना उत्तर देत चालतात आणि त्यांच्यावर लहान ढोलांच्या बारीक काड्यांचा कडकडाट चालतो. समोर उभे राहू नका; पथकाच्या बाजूला, मोठ्या ढोलांच्या रांगेजवळ उभे राहा, म्हणजे कोणता ढोल मात्रा धरतो आणि कोणता ती मोडतो हे छातीत ऐकू येते. ओलोदुमहून जुने इले आये हे पथक १९७४ साली लिबेरदादे या वस्तीत निघाले. कृष्णवर्णीयांना मोठ्या पथकांत जागा नसण्याच्या त्या काळात, केवळ कृष्णवर्णीयांचे म्हणून त्यांनी ते काढले. त्यांचे वादन अधिक जड, अधिक गंभीर आहे, आणि मला स्वतःला तेच अधिक प्रिय आहे.

हाताशी आणखी एक दिवस असल्यास खाडीच्या आतल्या बाजूला असलेल्या काशोएरा या गावी जावे. तेथील सांबा दे होदा या वर्तुळातल्या नाचगाण्याला युनेस्कोची मान्यता आहे. त्यात स्त्रिया जेवणाच्या ताटलीवर सुरी घासून ताल धरतात, तो आवाज मुद्दाम ऐकण्यासारखा आहे.

नवी पेठ (सोलापूर)

मी वैद्यकीय व्यवसायात आहे आणि एका आवश्यक गोष्टीकडे लक्ष वेधतो. ब्राझील हा पीतज्वराचा देश असल्याने तेथून भारतात परतताना लसीचे प्रमाणपत्र मागितले जाते, आणि ते नसल्यास विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. लस शासनाने नेमलेल्या केंद्रांतच मिळते आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होते, पुढे ते आयुष्यभर चालते. साठीच्या पुढच्या माणसांत या लसीचे गंभीर दुष्परिणाम क्वचित का होईना, पण तरुणांपेक्षा अधिक आढळतात. शिवाय ती कोंबडीच्या अंड्यांतील गर्भावर तयार होते, हे माळकरी वहिनींना आधीच सांगायला हवे. म्हणून आपल्या डॉक्टरांशी निवांत बोलूनच निर्णय घ्यावा; लस देणे धोक्याचे असल्यास तसे वैद्यकीय सूट-पत्र मिळते, पण ते मान्य होईल की नाही याची चौकशी आधीच करून ठेवावी.

व्हिसा आधी काढावा लागतो. ब्राझीलचा वाणिज्य दूतावास मुंबईत आहे.

बाळीवेसकर (सोलापूर)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. गड्डा आटोपून निघायचे आणि येमांजाचा उत्सव पाहून परतायचे, हे आता घरात ठरले. सौ.ने चवळीच्या वड्याचा परिच्छेद वाचून लगेच चवळी भिजत घातली.

दोन शंका उरल्या आहेत. पूजास्थानी जाण्याविषयी कोणी सविस्तर सांगितले नाही. आणि माझ्या मनात अशी इच्छा आहे की तेथील ढोलावर एकदा तरी हात ठेवून पाहावा. असे विचारणे औचित्याला धरून होईल का? सौ.चे गुडघे दुखतात, म्हणून चढउताराविषयीही जाणून घ्यायचे आहे.

भीमाकाठ (मूळ पंढरपूर)

अण्णा, पूजास्थानाचा भाग मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण तो घाईने लिहिण्यासारखा नाही.

आफ्रिकेतून आलेल्या त्या धर्माला कांदोंब्ले म्हणतात आणि त्याच्या मठवजा स्थानाला तेरेइरो. कासा ब्रांका, गांतुआ आणि ओपो आफोंजा ही त्यांतली जुनी व मान्यवर स्थाने आहेत. त्यांची परंपरा बहुतांशी स्त्रियांनी, मातृपदावर बसलेल्या पुजारिणींनी चालवली आहे. १९७६ पर्यंत बाहियात या स्थानांना पूजेसाठी पोलिसांकडे नोंद करून परवानगी घ्यावी लागत असे, आणि त्याआधीच्या काळात छापे घालून ढोल जप्त केले जात. म्हणून ती मंडळी परक्याकडे सावधपणे पाहतात, आणि तो सावधपणा आपण मान्य केला पाहिजे. जाहीर उत्सवाच्या रात्री पाहुण्यांना येऊ देतात. ओळखीच्या स्थानिक माणसामार्फत आधी विचारून जावे. तिकीट लावून गाडी भरून नेणाऱ्यांबरोबर जाऊ नये. पांढरे किंवा फिके, अंगभर कपडे घालावेत, काळा रंग टाळावा. छायाचित्र, चित्रण, ध्वनिमुद्रण काहीही करू नये. स्त्री-पुरुषांच्या बसण्याच्या जागा अनेक ठिकाणी वेगळ्या असतात, दाखवतील तिथे बसावे. पूजा रात्री उशिरापर्यंत चालते. नाचता नाचता एखाद्याच्या अंगात देवता येते, तेव्हा आजूबाजूचे लोक जे करतील तेवढेच करावे. हे आपल्याला सांगायला नको, अंगात येणे म्हणजे काय आणि त्या वेळी कसे वागावे हे आपल्याकडच्या माणसाला ठाऊक असते.

तेथील तीन ढोलांना रुम, रुंपी आणि ले म्हणतात. मोठा रुम नाचणाऱ्याच्या पावलांशी बोलतो, उरलेले दोन ताल धरून राहतात आणि वर आगोगो ही जोडघंटा वाजते. हे ढोल दीक्षा दिलेले असतात, त्यांनाही नैवेद्य दाखवतात, आणि नेमलेल्या वादकांखेरीज कोणी त्यांना हात लावीत नाही. म्हणून तेथे ही इच्छा बोलूनही दाखवू नये.

हात ठेवायचा तो पथकांच्या ढोलांवर. पेलोरिन्योत वादनाचे वर्ग चालतात आणि पाहुण्यांनाही शिकवतात. नेगिन्यो दो सांबा यांनीच १९९३ साली दिदा नावाचे केवळ स्त्रियांचे ढोलपथक व शाळा सुरू केली, तेही अवश्य पाहावे. आपण हलगी दोन काड्यांनी वाजवता, एक जाड आणि एक बारीक. त्यांच्या लहान ढोलालाही बारीक, लवचीक काड्या लागतात, त्यामुळे मनगट लगेच जुळेल. शिकवणाऱ्याला आधी आपल्या घराण्याची सेवा काय आहे ते मुलाकडून पोर्तुगीजमध्ये सांगवून घ्या, मग मागा.

गुडघ्यांसाठी उतरण्याचे ठिकाण पेलोरिन्योच्या अगदी मध्यात घेऊ नका, तेथील दगडी उतार तीव्र आणि पावसात निसरडे असतात. 'बारा' नावाच्या भागात समुद्राकाठी सपाट रस्ता आहे, तेथे राहावे आणि वर गाडीने जावे-यावे. रात्री पेलोरिन्योच्या मुख्य चौकांतच थांबावे, मागच्या गल्ल्यांत शिरू नये, आणि दागिने घरीच ठेवावेत. सोन्याने मढवलेल्या साओ फ्रान्सिस्को चर्चचे नाव आपण ऐकले असेल. २०२५ च्या फेब्रुवारीत छताचा भाग कोसळून एका पर्यटकाचा मृत्यू झाल्यापासून ते बंद करण्यात आले होते, म्हणून उघडले आहे का ते विचारून मगच जावे. आणि दिदाच्या शाळेला मुलाकडून आताच निरोप पाठवून ठेवा, कारण कार्निव्हल जवळ येईल तसतसा शिकवणाऱ्यांचा सगळा वेळ तालमींत जातो.